खटावकरबाईंच्या तीन सुना

खटावकरबाईंच्या तोंडून एखादं लांब वाक्य पूर्ण झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंना बरं नाहीये. खरी गोष्ट नेमकी उलटी होती. बाईंना नुकतंच बरं वाटायला लागलं होतं.

त्याआधी बरीच वर्षं कोरेगावच्या शाळेत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होते. म्हणजे बसत मी होते. बाईंची खुर्ची टेबलापासून वाकडी सरकलेली आणि रिकामीच असायची. मी मराठी शिकवायचे, त्या भूगोल. वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, उंच, सडसडीत, आणि चालणं असं की साडीच्या निऱ्यांना त्यांच्या मागून पळत यावं लागे. मला "अगं सुलभा" म्हणून हाक मारायच्या, आणि हाक मारून होईपर्यंत पुढचं विसरलेल्या असायच्या.

"अगं सुलभा, काल आमच्याकडे ना... हा डस्टर इथं कुणी ठेवला? सातवीची घंटा झाली का गं? तुझ्या भावाचं जमलं म्हणे, मुलगी रहिमतपूरची ना, तिथं माझी एक मामेबहीण... अय्या, दूध!"

हे दूध म्हणजे सकाळी घरी गॅसवर ठेवलेलं दूध. ते शाळेत आठवायचं. सुदैवानं शेजारच्या काकूंना सवय झालेली होती. बाई शाळेकडे निघाल्या की काकू आपणहून मागल्या दारानं आत जाऊन गॅस बघून यायच्या.

एकदा मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला, तर आत मोहरी, जिरं, हळद, हिंग. सकाळच्या घाईत जेवणाच्या डब्याऐवजी मिसळणाचा डबा पिशवीत आला होता. आख्खी शिक्षकखोली हसली, पण सगळ्यांत जास्त बाई हसल्या. "आज नुसती फोडणीच!" म्हणाल्या आणि माझी अर्धी पोळी उचलली. तिकडे घरी त्यांचे यजमान भाऊसाहेब भाजी करायला घेऊन फोडणीचं सामान शोधत होते. भाऊसाहेब पाटबंधारे खात्यात होते. धरणाचं पाणी कधी सुटणार हे त्यांना अचूक ठाऊक असे. बायको कधी घरी येणार हे मात्र ते कधीच सांगू शकत नसत.

वर्गातही तसंच. ब्राझीलचा धडा कॉफीपासून सुरू व्हायचा. कॉफीवरून बाई चहावर, चहावरून साखरेवर, साखरेवरून कृष्णाकाठच्या उसावर, तिथून सांगलीच्या पुरावर, पुरावरून होड्यांवर. तोवर घंटा. ब्राझीलमध्ये काय पिकतं हे पोरांना शेवटपर्यंत कळायचं नाही. पण त्यांच्या तासाला एकही पोर खिडकीबाहेर बघत नसे. बाहेर बघायला सवडच नसायची.

हेडमास्तर पोतदार सरांना हे सगळं सोसवत नसे. "शाळेला शिस्त असते, बाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण त्यांचा आवाज थोडा चाचरायचा, कारण सहलीतला प्रसंग त्यांच्याही लक्षात होता. साताऱ्याला किल्ल्यावर सहल गेली असताना मधमाश्या उठल्या. पोतदार सर सगळ्यांत आधी टेम्पोत शिरले आणि त्यांनी काच वर केली. इतरांची नुसती पळापळ. त्या गोंधळात बाई मात्र एकदम थंड. "खाली. जाजम. तोंडं झाका. हलू नका." ही वाक्यं नव्हतीच, नुसते हुकूम होते. पोरं जाजमांखाली आडवी झाली आणि एकालाही फारसे डंख बसले नाहीत. शेवटचं पोर गाडीत चढवून बाई आल्या, त्या अनवाणी. पर्स आणि चपला वरच राहिल्या होत्या.

अशा माणसाला आपल्याकडे धांदरट म्हणतात आणि विषय संपतो. बाईंचाही संपला असता. पण पाचवीच्या वर्गात बिरू आला.

बिरू आटपाडीकडचा. घर मेंढरांचं, हल्ली थोडी शेतीही. पोरगं शिकावं म्हणून त्याला कोरेगावला मामाकडे ठेवलं होतं. मामा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर कामाला. पोर गोरंगोमटं, डोळे चमकदार, आणि अंगात काय भरलं होतं देव जाणे. चाचणी चालू असताना तो शाळेच्या चिंचेवर सापडायचा. पाणी प्यायला म्हणून गेला तर यार्डात गुळाच्या ढेपांवर. एकदा त्यानं शाळेची घंटा अर्धा तास आधी दिली. का दिली म्हणून विचारलं तर म्हणाला, "हाताला वाटलं." दुष्टपणा नावाला नाही. मारलं तर मार खायचा आणि मास्तरांची छडी हातातून पडली तर उचलूनही द्यायचा.

पोतदार सरांनी निकाल लावला: दाखला देऊन टाकायचा. त्या दिवशी बाई त्यांच्या खोलीत गेल्या. मी वहीवर सही घ्यायला आत होते म्हणून ऐकलं.

"सर, वार्षिक तपासणीपर्यंत थांबा. तोवर तो बसायला लागला नाही तर..."

"तुम्हाला एवढं का पडलंय, बाई? तुमच्या नात्यातला आहे का?"

"नाही. म्हणजे..." बाई थांबल्या. "मला तो ओळखीचा वाटतो."

सर बराच वेळ टाचणीनं कान कोरत राहिले. मग म्हणाले, "तपासणीपर्यंत. साहेबांसमोर तो चिंचेवर चढला तर दाखला, आणि तुमचाही अहवाल."

बाईंनी कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत अतिचंचल मुलांवरचा लेख वाचला होता. अर्धाच, कारण उरलेल्या अर्ध्यात पोळ्या गुंडाळल्या गेल्या होत्या. पण वाचलेल्या अर्ध्यात सांगलीच्या एका डॉक्टरांचा उल्लेख होता. तेवढ्यावर एका शनिवारी आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. बाई, बिरू, त्याचा मामा, आणि तिकिटं सांभाळायला मी. रहिमतपूरला बाई शेंगा घ्यायला उतरल्या, मागोमाग बिरू. गाडी हलली आणि दोघं दिसेनात. मामानं कपाळाला हात लावला. कराडला दोघं दुसऱ्याच डब्यातून हसत उतरून आमच्या डब्यात आली. शेंगा संपल्या होत्या.

डॉक्टर बारीक अंगाचे, चष्मेवाले आणि विलक्षण सावकाश बोलणारे. एकेक शब्द जपून ठेवायचे. बाईंना त्यांचा प्रत्येक प्रश्न पुरा करून देण्याचा मोह आवरत नव्हता.

"मुलगा एका जागी..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"जेवताना बी न्हाई बसत बगा," मामा म्हणाला. "भाकरी हातात घिऊन परसात पळतोय."

"मी पण ओट्यापाशी उभ्यानंच," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. "वस्तू हरवतो?"

"चपला. लय चपला."

"छत्र्या," बाई म्हणाल्या.

"एक काम हातात असताना दुसरं..."

"शेळ्या राखाय धाडला तर शेळ्या घरी येत्यात, ह्यो येत न्हाई."

"तसंच माझं दळणाचं..."

"दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत..."

"हो!" बाई.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हात जोडून टेबलावर ठेवले. "बाई," ते म्हणाले, "मला एक सांगा. पेशंट नक्की कोण आहे?"

तपासायच्या टेबलावर पाय हलवत बसलेला बिरू म्हणाला, "दोगं बी."

आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाईंकडे खुर्ची वळवली. म्हणाले, आम्हाला कॉलेजात शिकवलं की हे पोरांचं असतं, मोठं झाल्यावर जातं. अलीकडे वाचतोय ते वेगळं आहे. सगळ्यांचं जात नाही. मग त्यांनी विचारलं, "शाळेत असताना तुम्ही कशा होता?"

बाई टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, नेहमीसारखं दुसरीकडे लक्ष गेलं. पण नाही.

"आमचे मास्तर माझी वेणी बाकाच्या सळईला बांधायचे," बाई म्हणाल्या. "आणि मग वर्गाला सांगायचे, बघा, आता बसते की नाही."

मामानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बिरू टेबलावरून उतरला आणि बाईंच्या जवळ जाऊन उभा राहिला, तोही हलत हलतच.

मग डॉक्टरांनी औषधांचं सांगायला घेतलं. तीन प्रकारच्या गोळ्या होत्या. पहिली, इमिप्रामिन, मूळ मनाच्या उदासीवरची, जुनी, कुठंही मिळणारी. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून मग द्यायची. दुसरी, क्लोनिडिन, रक्तदाबावरची; धावपळ कमी करते, पण गुंगी आणते, आणि कधीही एकदम सोडायची नाही. तिसरी, मिथाइलफेनिडेट, या दुखण्यात सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. पण त्या वेळी आपल्याकडे मुश्किलीनं मिळायची, मुंबईहून मागवावी लागायची आणि तीही खास चिठ्ठीवर. भूक मारते, झोप लांबवते आणि अंगात तरतरी आणणाऱ्या जातीची आहे, असं डॉक्टर म्हणाले.

इथं मामा उठून उभाच राहिला.

"आवं डाक्टर, ह्यो आदीच वाऱ्यावानी पळतोय म्हणून तुमच्याकडं आणला. आन् तुमी ह्याला तरतरी यायची गोळी देताय व्हय?"

"पाहुणे, बसा," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या यार्डात रात्री राखणदार असतो ना? तो झोपला तर काय होतं?"

"गुरं शिरत्यात गुळात."

"याच्या डोक्यातला राखणदार झोपलाय. गुरांना मारून उपयोग नाही. राखणदाराला जागं करायचं."

मामा बसला. त्याला पटलं की नाही सांगता येत नाही, पण बाईंना पटलं. त्या एकदम म्हणाल्या, "मग माझाही जागा करा."

बिरूला तिसरी गोळी द्यायचं ठरलं, अगदी कमी मात्रेत. बाईंचा रक्तदाब मात्र जरा चढलेला निघाला. म्हणून त्यांना ती गोळी लगेच नाही. आधी पट्टी काढा, मीठ कमी करा, सकाळी चाला, आणि पहिल्या गोळीनं सुरुवात. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "एकाची गोळी दुसऱ्यानं घ्यायची नाही. तुमचं दोघांचं दुखणं एक असेल, अंग एक नाही."

परतीच्या गाडीत बाईंनी औषधांची नावं म्हणून पाहिली आणि किर्लोस्करवाडी यायच्या आत सोडून दिली. "एवढी नावं माझ्या लक्षात राहिली असती तर सांगलीला कशाला आले असते? आजपासून थोरली, मधली आणि धाकटी. तीन सुना."

थोरली सून घरात आली आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं, अगदी खरंखुरं. तोंड इतकं कोरडं पडायचं की भूगोल शिकवताना जीभ टाळूला चिकटायची. टेबलावर तांब्या आला, वर्गात दुसरा तांब्या आला. "मन थोडं ठिकाणावर आहे गं," मला म्हणाल्या, "पण बोलता येत नसेल तर ठिकाणावर आलेलं मन घेऊन करू काय?"

दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांनी थोरली थांबवून मधली आणली. मधलीनं दाब खाली आणला आणि बाईंनाही. चाचणी परीक्षेत त्या सहावीच्या वर्गावर राखण करायला बसल्या आणि खुर्चीतच झोपल्या. पोरांनी संधी साधून कॉप्या कराव्यात की नाही? तर उलटंच झालं. बाईंना एका जागी बसलेलं पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्यांना वाटलं, काहीतरी गंभीर झालंय. सगळी श्वास रोखून पेपर लिहीत राहिली. पोतदार सर दारावरून गेले, आत डोकावले आणि संध्याकाळी शिक्षकखोलीत म्हणाले, "आज सहावीवर काय शिस्त होती! खटावकरबाई, अभिनंदन." बाईंनी जांभई दाबत ते स्वीकारलं.

इकडे धाकटीनं बिरूवर जादू केली, पण पहिली जादू जरा जास्तच झाली. पोर बसलं. बाकावर, हात मांडीवर, डोळे फळ्यावर. इतर शिक्षक खूश. बाई दोन दिवस बघत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन सांगलीला फोन लावला. मी शेजारी उभी होते.

"डॉक्टर, हा बिरू नाही. हा बिरूचा फोटो आहे. मला बिरू परत पाहिजे, फक्त बसलेला."

डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली. मग दोन दिवसांनी मामी शाळेत आली, पदर कमरेला खोचून.

"बाई, पोरगं बसतंय खरं, पर जेवत न्हाई. दुपारची भाकरी तशीच माघारी येती. उपाशी शाणं पोरगं काय करायचंय मला?"

पुन्हा फोन. त्यातून ठरलं, आधी पोटभर न्याहारी आणि मगच गोळी, दुपारी जेवण झाल्यावर गोळीचा छोटा तुकडा, रात्रीचं जेवण भरपेट, रविवारी सुट्टी. दर महिन्याला वजन कळवायचं. मामानं भाच्याला गुळाच्या काट्यावर उभा केला आणि अडतीतले सगळे लोक ढेप सोडून बिरूचं वजन बघायला जमले. वाढलं की टाळ्या वाजायच्या.

दुपारचा तुकडा बाईंकडे असायचा, पर्सच्या आतल्या कप्प्यात. जी बाई स्वतःची पर्स आठवड्यातून दोनदा हरवायची, तिनं बिरूचा तुकडा एकदाही चुकवला नाही. तो कप्पा हरवूच नये म्हणून की काय, त्या काळात पर्सही हरवायची थांबली.

बाईंचा दाब ताळ्यावर आला तसं डॉक्टरांनी मधलीला हळूहळू कमी करत निरोप दिला आणि बाईंनाही धाकटी दिली. थोडीशी, दर पंधरा दिवसांनी दाब मोजायच्या अटीवर. आणि एका सोमवारी बाई खुर्चीत बसल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सुलभा, काल आमच्याकडे माझे दीर आले होते, त्यांनी गावाकडून भुईमूग आणला आहे, आणि त्यातला थोडा मी तुझ्यासाठी काढून ठेवला आहे."

पूर्णविराम.

मी घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्या आठवड्यात ब्राझीलचा धडा एका तासात संपला. पोरं अवाक. पुढच्या बाकावरचा एकजण हात वर करून म्हणाला, "बाई, पुढं?" बाई म्हणाल्या, "पुढं काही नाही. संपला." पोरांचे चेहरे जेवणाचं ताट अर्ध्यात उचलून नेल्यासारखे.

त्याच आठवड्यात भाऊसाहेब मला बाजारात भेटले. कोथिंबिरीची जुडी हातात, चेहरा गोंधळलेला.

"मॅडम, घरी एक प्रकार झाला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "काल मी हिला ऑफिसातली एक गोष्ट सांगायला घेतली. हिनं ऐकली. शेवटपर्यंत. इतक्या वर्षांत माझं बोलणं शेवटपर्यंत कधी गेलंच नव्हतं हो. मला शेवट काय करायचा तेच सुचेना. मग मी आपलं म्हटलं, बरं, झोपतो आता."

धाकटीची खोड एकच. ती चार तासांत निघून जायची. "दुपार झाली की माहेरी!" बाई म्हणायच्या. म्हणून त्यांनाही डॉक्टरांनी जेवणानंतर अर्धी गोळी सांगितली होती. बिरूच्या तुकड्याशेजारीच ती कागदात बांधलेली असायची.

तपासणी ठरली सकाळी. साहेब आले दुपारी, तेही पोतदार सरांच्या घरी पुरणपोळी जेवून, जड पावलांनी. सर त्यांना घेऊन थेट पाचवीवर आले. शेजारच्या वर्गातून मला सगळं दिसत होतं. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, नुसतं लाकडी पार्टिशन होतं आणि त्याला भरपूर फटी होत्या.

साहेब डॉक्टरांसारखेच सावकाश. "मुलांनो, मला सांगा, आपल्या जिल्ह्यात..."

"ऊस!" बाई म्हणाल्या.

साहेब थबकले. "हो. तर ऊस कुठल्या..."

"काळी जमीन, साहेब, आणि पाणी, पाण्याचं म्हणाल तर आमचे हे पाटबंधाऱ्यात... मुलांनो, साहेबांना नकाशा दाखवा. नको, तो नको, तो फाटलाय."

पोतदार सरांचा चेहरा पांढरा पडत चालला. काय झालंय ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि पार्टिशनच्या फटीतून मला काही करता येत नव्हतं.

"बाई, मी विचारत होतो की..."

"साहेब, तुमचं पेन गळतंय! शर्टाला शाई! थांबा, खडूनं टिपते..."

आणि तेवढ्यात मधल्या रांगेतून बिरू उठला. पोतदार सरांनी डोळे मिटले. बिरूनं हाताची घडी घातली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला,

"बाई, सायबांचं व्हऊ द्या की. मग तुमी बोला."

साहेबांनी बिरूकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, बाईंच्या हातातल्या खडूकडे पाहिलं, आणि पुरणपोळीसकट गदागदा हसायला लागले. "नाव काय रे तुझं? शाबास! पोतदार, काय समंजस मुलगा आहे. अशी मुलं शाळेत जपली पाहिजेत."

"होय साहेब," पोतदार सर म्हणाले. "जपतोच आहोत."

साहेब गेल्यावर बाईंनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात एकच पुडी उरली होती, त्यांची स्वतःची. बिरूची बरोब्बर वेळेवर दिली होती. बाई वऱ्हांड्याच्या पायरीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. बिरू शेजारी येऊन उभा राहिला.

"तुमची राह्यली व्हय, बाई? मला सांगायचं की. मी आठवन केली असती."

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तो शिक्षकखोलीच्या दारात यायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचा, "बाई, गोळी!"

वर्षभर हे छान चाललं. मग बाईंचा दाब पुन्हा चढू लागला. डॉक्टरांनी दोनदा मोजला, तिसऱ्यांदा मोजला आणि धाकटी बंद केली. मला वाटलं, बाई फार खट्टू होतील. झाल्याही. सांगलीहून येताना खिडकीबाहेर बघत होत्या. किर्लोस्करवाडी मागे पडल्यावर म्हणाल्या, "आवडती सून नांदत नाही बघ." मग पुन्हा थोरलीच, कमी मात्रेत, तांब्यासकट. त्या दोघींचं शेवटी जमलं.

"पण एक झालं गं," त्याच परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या. "वर्षभर आपली वाक्यं कुठवर जातात ते बघून आले. आता मध्येच सोडली तरी..." आणि त्यांनी ते मध्येच सोडलं, कारण कराडला भजी आली होती.

बिरूची गोळी पुढे हळूहळू कमी होत सुटली. तो दहावी झाला. गुणांचं विचारू नका, पण सगळे पेपर बसून दिले.

बाई निवृत्त झाल्यावर भाऊसाहेबांबरोबर मुलीकडे नागपूरला गेल्या. जायच्या काही दिवस आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साताऱ्यात. त्यानंतर भेट झाली नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी साताऱ्याच्या एका छोट्या सभागृहात अशा मुलांच्या आईबापांची बैठक घेतली होती, आणि बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. डॉक्टर त्यांच्या सवयीनं सावकाश बोलले. गोळ्या कुठल्या, कुणाला कुठली चालते, कुणाला का चालत नाही. मग पहिल्या रांगेतली एक तरुण आई उठली. तिच्या सहा-सात वर्षांच्या मुलानं तोवर माइकची वायर दोनदा उपटली होती.

"बाई, तुम्ही स्वतः गोळ्या घेतल्यात, एका विद्यार्थ्यालाही दिलेल्या पाहिल्यात. सगळ्यांत चांगली गोळी कुठली?"

मला वाटलं, आता तिन्ही सुनांचं पुराण निघणार. पण बाईंनी तिला विचारलं, "जेवतो कसा?" तिनं सांगितलं. "झोपतो कधी?" तिनं सांगितलं. घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का, शाळेत जास्त अडतं की घरी, वजन किती, याआधी काय दिलंय. बाई विचारत होत्या आणि ती सांगत होती. लांबण लावून, अडखळत. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. खुर्चीची कड त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली होती आणि चपलेतली पायाची बोटं एकसारखी हलत होती.

शेवटी त्यांनी विचारलं, "हसतो का?"

त्या आईच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. म्हणाली, "घरात हसतो. शाळेत जायला लागल्यापासून कमी."

"हे सगळं डॉक्टरांना अस्संच सांगा," बाई म्हणाल्या. "काही गाळू नका. गोळी ते ठरवतील. एकाला मानवते ती दुसऱ्याला मानवत नाही. आणि पहिली चुकली तर रडत बसायचं नाही, दुसरी असते. पण तो गप्प झाला म्हणून बरा झाला, असं कधी..."

तेवढ्यात मुलगा दारातून सुसाट बाहेर पळाला. "थांबा, मी बघते," म्हणत बाई उठल्या आणि त्याच्या मागे गेल्या.

चहा आला. बशीत बिस्किटं आली. डॉक्टर ती आई काय सांगते ते ऐकत बसले. चहा संपला तरी दोघं आले नाहीत. मी खिडकीशी गेले. समोर रस्त्याचं काम चाललं होतं, डांबराचा वास येत होता, आणि खडीवरून रोडरोलर धडधडत निघाला होता. त्यावर ड्रायव्हरच्या एका बाजूला तो मुलगा आणि दुसऱ्या बाजूला, पदर डोक्याला गुंडाळलेल्या, खटावकरबाई. मुलगा तोंड उघडून हसत होता. बाईही.

आई घाबरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "अहो, बाई त्याला घेऊन परत येतील ना?"

"रोडरोलर आहे हो," मी म्हटलं, "जाऊन जाऊन जाणार कुठं?"